आजी गोरी काऊन?

(मंडळाच्या दिवाळी मेळाव्यातील भाषण, थोडे संपादित करून)

नमस्कार मंडळी. फराळ आणि नाटुकलं यांच्या मधली पंधरा मिनिटं मला दिली आहेत. विषय आहे गाण्यांचे व्हिडिओ. मी गायक नाही, कॅमेरावालाही नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीकडच्या कास्तकाराचा पोरगा, इथं संगणकावर पोट भरतो. पण मागच्या वर्षी माझ्या पुतण्यानं गावात स्वतःच्या गाण्याचा व्हिडिओ काढला, त्यात थोडे पैसे मी घातले, आणि पैसे घातले की मत द्यायचा हक्क आपोआप येतो.

गाणं वऱ्हाडीत आहे. कापसाचा हंगाम, पोरगा गाव सोडून पुण्याला निघालेला, आजी वावरात. एवढंच. पहिला कट व्हॉट्सअ‍ॅपवर आला तेव्हा मी बसमध्ये होतो. पाहतो तर पोरी नऊवारीत, नाकात ठसठशीत नथ, पोरांच्या डोक्यावर कोल्हापुरी फेटे, आणि मागं कुठून तरी आणून बसवलेला हिरवागार डोंगर. मी लगेच फोन लावला. म्हटलं, "बाबू, हे आपलं गाव होय का सातारा?" तो म्हणाला, "काका, मराठी म्हटलं का लोकायले असंच पाह्यजे न."

त्याला काय बोलणार? गणपतीच्या मिरवणुकीत इथं दरवर्षी मीच फेटा बांधून पुढं असतो. आमच्या बापानं जन्मभर डोक्याला पांढरा दुपट्टा गुंडाळला. तो दुपट्टा बांधून मी मंडळात कधी आलो नाही.

आमच्याकडे हिरवा रंग येतो, पण पाहुण्यासारखा. पाऊस गेला की उतरतो. मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो, तेव्हा आभाळ निळं नसतंच, पांढुरकं असतं. काळी माती आटते आणि तिला अशा भेगा पडतात की वासराचा पाय अडकावा. उभी वाळलेली पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, तपकिरी दिसते. या रंगांवर शहरातल्या एडिटरनं तयार फिल्टर चढवला होता, चेहरे नारिंगी आणि सावल्या निळसर-हिरव्या करणारा. त्यात आमची काळी माती शेवाळलेल्या हौदासारखी दिसत होती.

रंगाचं हे गणित गावातल्या पोरांना आपल्यापेक्षा चांगलं कळतं बरं का. भीमगीतांचे व्हिडिओ पाहा. १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात जे घडलं, ते सांगायला तिथं एकही वाक्य लागत नाही. निळा झेंडा, पांढरे कपडे आणि दीक्षाभूमीचा घुमट दिसला की गाणं कुणाचं ते गायकाचा आवाज यायच्या आधी कळतं. गडचिरोलीकडच्या गोंडी गाण्यांत पिवळा दुपट्टा हेच काम करतो. आम्ही कापूसवाले मात्र अजून दुसऱ्याचा फेटा उसना घेऊन फिरतो.

आता खरी गोष्ट सांगतो. त्या कटमध्ये आमची माय आहे. वय ७८. शेजारची एक सहा वर्षांची पोरगी मोबाइलवर पाहून म्हणाली, "आजी एवढी गोरी काऊन दिसते?"

झालं असं की शूटिंग दुपारी झालं, तेही कॅमेरा ऑटोवर ठेवून. कॅमेरा समोरचा सगळा उजेड एकत्र मोजतो. समोर दोन एकर फुटलेला कापूस असला की त्याला वाटतं उजेड फार झाला, मग तो आपणहून चित्र अंधारं करतो. कापूस मळकट दिसतो आणि सावळा माणूस काळाठिक्कर. ते झाकायला एडिटरनं तिचा चेहरा उजळला आणि वर गुळगुळीतही केला. साठेक हंगाम उन्हात काढलेल्या बाईच्या कपाळावर एक रेघ उरली नाही. मला त्या डोंगराचा राग आला नव्हता, याचा आला.

दिवाळीच्या सुटीत मी गावी गेलो तेव्हा पुन्हा शूटिंग केलं, या वेळी पहाटे. बायाही वेचणीला लवकरच लागतात. हवेत ओलावा असतो तोवर वाळलेली पानं चुरत नाहीत, कापसात कचरा कमी येतो. कॅमेऱ्याचा उजेड मायच्या चेहऱ्यावर मोजून पक्का केला, मागचा कापूस पांढराफटक झाला तर होऊ दे म्हटलं. कमरेला ओटी बांधून ती वेचत होती. वाळलेल्या बोंडाची टोकं नखांच्या कडेला टोचतात, तिथं तिची कातडी खडबडीत झाली आहे. पुतण्यानं बोटांवर कॅमेरा ठेवला आणि हलवला नाही. डावा हात फांदी धरतो, उजव्या हाताची बोटं चारही पाकळ्यांतला कापूस एका ओढीत काढतात.

त्याला स्वतःला संथ चालताना गायचं होतं. त्याची गंमत मला तिथंच कळली. दर सेकंदाला ५० चित्रं टिपून २५च्या वेगानं दाखवली की चाल अर्ध्यावर येते, पण ओठही संथ होतात. म्हणून शूटिंगच्या वेळी गाणं दुप्पट वेगानं वाजवायचं आणि गाणाऱ्यानं तसेच भराभर ओठ हलवायचे. ते विरहाचं गाणं स्पीकरवर चिमणीच्या आवाजात सुरू झालं आणि धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसलेल्या बाया लोटपोट. पडद्यावर मात्र तोच पोरगा असा चालतो की पाय गावातून निघत नाहीत.

मायच्या चेहऱ्यावर गाण्याचा बराच भाग ठेवावा, यावर आमचा वाद झाला. तो म्हणे, लोकं कंटाळतील. मी त्याला शिनेड ओ'कॉनर या आयरिश गायिकेचा १९९०च्या गाण्याचा व्हिडिओ दाखवला. बराच वेळ नुसता तिचा चेहरा, काळी मागची बाजू, आणि शेवटाकडे डोळ्यांतून ओघळलेलं पाणी. गाताना तिला वारलेल्या आईची आठवण आली होती, असं तिनंच पुढं सांगितलं. पुतण्यानं पूर्ण पाहिला, इंग्रजी फारसं कळत नसताना. मग म्हणाला, "ठेवतो २० सेकंद." सौदा २० सेकंदांवर पटला.

नवीन कट मायला दाखवला. गोरेपणाचं, काळेपणाचं ती काही बोलली नाही. दोनदा पाहिलं, चष्मा पुसला आणि म्हणाली, "माह्यं तोंड कायले पाह्यता? धुऱ्यावरचा निंब काऊन नाई घेतला?"

तो निंब माझ्या आजोबांनी लावलेला. पुतण्या दुसऱ्या दिवशी जाऊन त्याचा चार सेकंदांचा तुकडा घेऊन आला. तो तुकडा पहिल्या कडव्यात बसवायचा की अगदी शेवटी, यावर आमचं अजून फोनवर भांडण चालू आहे.