हत्ती पहिल्यांदा कुणी चाचपला?

(दृश्य: ओसरीवर सूप, उखळ, मुसळ, केरसुणी)

हत्ती आणि आंधळ्यांच्या गोष्टीचा माग काढायचा तर तात्पर्य बाजूला ठेवून आधी उपमा तपासाव्यात. तात्पर्य जो तो आपल्या सोयीने बदलतो; उपमेतल्या वस्तू मात्र गाव सांगून जातात.

आज हाती असलेलं सर्वांत जुनं लिखित रूप पालीत आहे, ‘उदान’ या बौद्ध ग्रंथाच्या सहाव्या वर्गातल्या चौथ्या सुत्तात. श्रावस्तीत निरनिराळ्या मतांचे श्रमण-ब्राह्मण ‘धर्म असाच, तसा नाही’ म्हणून भांडतात आणि त्यावर बुद्ध ही गोष्ट सांगतात. राजा नगरातले जन्मांध गोळा करवतो. डोकं हाती आलं तो म्हणतो, हत्ती घागरीसारखा. कान म्हणजे सूप, सुळा नांगराचा फाळ, सोंड इसाड (नांगराची लांब दांडी), धड कोठार, पाय खांब, मागचा भाग उखळ, शेपूट मुसळ, शेपटीचा गोंडा केरसुणी. मग गुद्दागुद्दी, आणि राजा खूश! मूळ शब्द सुप्प, फाल, उदुक्खल, मुसल. मराठी कानाला यांचा अर्थ सांगावा लागत नाही. हा हत्ती शेतकऱ्याच्या घरातल्या वस्तूंनी मोजलेला आहे.

(दृश्य: अंधारी खोली, भिंतीवर हलती सावली)

तेराव्या शतकात सूफी कवी रूमींच्या ‘मसनवी’ या फारसी दीर्घकाव्यात आंधळेच नाहीत. माणसं डोळस आहेत, अंधार घरात आहे. सोंड पन्हळ होते, पाठ सिंहासन. प्रत्येकाच्या हाती मेणबत्ती असती तर वाद मिटला असता, असं रूमी म्हणतात. दोष डोळ्यांकडून उजेडाकडे गेला; हा बदल फार मोठा आहे.

आणि आंधळे सहाच का? ‘उदान’मध्ये आकडा नाही. अमेरिकी कवी जॉन गॉडफ्रे सॅक्स (१८१६–१८८७) यांच्या इंग्रजी कवितेत सहा जण आहेत. तिथे भिंत, भाला, साप, झाड, पंखा, दोर.

माग चुकतो तो बहुधा आशयावरून मूळ ठरवल्यामुळे. सत्याला अनेक बाजू असतात, या जैनांच्या अनेकांतवादाला गोष्ट चपखल बसते, म्हणून ती मुळात जैनांचीच असं सांगितलं जातं. पण ही गोष्ट वापरणारा जैन आचार्य मल्लिषेणांचा ग्रंथ ‘स्याद्वादमंजरी’ तेराव्या शतकातला आहे. ‘एकं सद् विप्रा बहुधा वदन्ति’ (सत्य एकच, जाणते ते अनेक प्रकारे सांगतात) या ऋग्वेदातल्या ऋचेत तर हत्तीही नाही, आंधळेही नाहीत.

मग गोष्ट बौद्धांची म्हणावी? सुत्तात बुद्ध सुरुवात करतात तो शब्द नीट ऐका: ‘भूतपुब्बं’. म्हणजे, पूर्वी एकदा.