कूनहाउंडची घराणी: निवड करतं कोण?

मंडळी, अमेरिकेत टेनेसी, केंटकी, मिसुरीकडच्या गावांत दोन कूनहाउंडवाले, म्हणजे रॅकूनच्या शिकारीचे कुत्रे पाळणारे, भेटले की वाद कशावरून जुंपणार हे ठरलेलं असतं. एक म्हणतो, माझा कुत्रा ‘फिनली रिव्हर चीफ’च्या रक्ताचा. दुसरा म्हणतो, माझ्याकडे ‘सॅकेट ज्युनिअर’चं रक्त आहे. पाच-पाच पिढ्या तोंडपाठ. स्वतःच्या खापरपणजोबाचं नाव विचारलं तर गडबडतील, पण कुत्र्याचं विचारा, आईकडूनही सांगतील.

आज आपण या अभिमानात तथ्य किती ते पाहू. त्याआधी हा कुत्रा करतो काय, हे कळायला हवं. रॅकून हा तिथला झाडावर चढणारा लहानसा जंगली प्राणी. तो रात्री फिरतो, ओढ्याकाठी आणि मक्याच्या शेतात चरतो, आणि जिवावर बेतलं की झाड गाठतो. कुत्र्यानं अंधारात त्याचा माग काढायचा, मागावर असेपर्यंत आवाज देत राहायचं, आणि तो वर चढला की बुंध्याला पुढचे पाय लावून मालक पोहोचेपर्यंत भुंकत राहायचं. मालक मैलभर मागे, त्याला दिसत काहीच नाही. मागावरचा लांब, घुमणारा सूर मोडून तुटक, भराभर भुंकणं सुरू झालं की त्यानं समजायचं, झाड धरलं. अंधारात चार कुत्रे एकदम बोलत असताना आपला कोणता हे ओळखणारे लोक आहेत हे, त्यामुळे आवाज हाही निवडीचा गुण ठरतो.

कुत्र्यांच्या जाती नोंदवणाऱ्या युनायटेड केनेल क्लबच्या वहीत कूनहाउंडच्या सहा जुन्या जाती आहेत: ब्लॅक अँड टॅन, रेडबोन, इंग्लिश, ब्लूटिक, ट्रीइंग वॉकर आणि प्लॉट. यांतल्या तिघींची गोष्ट आपल्या कामाची आहे. वॉकर आणि ब्लूटिक दोघेही पूर्वी ‘इंग्लिश’ या एकाच नावाखाली नोंदले जात. 1945 मध्ये वॉकरवाले बाहेर पडले, 1946 मध्ये ब्लूटिकवाले. ब्लूटिकवाल्यांचं भांडण रंगावरून नव्हतं. बाकीचे लोक वेगवान, ताज्या मागावर सुसाट धावणाऱ्या कुत्र्याच्या मागे लागले होते; यांना मात्र कित्येक तासांचा शिळा माग चिकाटीनं सोडवत नेणारा जुना संथ कुत्रा हवा होता. शिकाऱ्यांच्या भाषेत पहिला ‘हॉट नोज’, दुसरा ‘कोल्ड नोज’. नाव नाकाचं असलं तरी माझ्या मते यात स्वभावाचा वाटा मोठा आहे. वास दोघांनाही येतो. पुसट वासावर तासभर घालवायची तयारी एकाचीच असते.

आता रक्ताच्या शुद्धतेबद्दल. वॉकर घराण्याचा सगळ्यात मानाचा पूर्वज म्हणजे एकोणिसाव्या शतकातला ‘टेनेसी लीड’. तो चोरीचा कुत्रा होता. टेनेसीतून पळवून केंटकीत आणलेला, आईबाप अज्ञात, दिसायला तिथल्या इंग्लिश फॉक्सहाउंडसारखाही नाही. पण वेग होता, जिद्द होती, सावजाची विलक्षण समज होती आणि आवाज स्पष्ट, आखूड होता. एवढ्यावर त्याला वंशात घेतलं. आज वंशावळीच्या कागदासाठी हुज्जत घालणाऱ्यांनी हे जरूर आठवावं, असं मला वाटतं.

म्हणजे सुरुवातीला निवड कामावरून होत होती. पुढे काय झालं? स्पर्धा आल्या. युनायटेड केनेल क्लबच्या ‘नाइट हंट’मध्ये साधारण चार कुत्र्यांची एक तुकडी सोडतात. रॅकून मारत नाहीत, फक्त बॅटरीच्या उजेडात झाडावर दिसला पाहिजे. मागावर पहिला आवाज देणाऱ्याला 100 गुण, मग 75, 50, 25. झाड पहिल्यांदा धरणाऱ्याला 125, मग 75, 50, 25. वर रॅकून दिसला तर गुण जमा, झाड रिकामं निघालं तर तेवढेच वजा. ढोली असेल किंवा पाला इतका दाट की सांगताच येत नाही, तर गुणांना गोल करतात. ते ना जमा, ना वजा.

आकडेमोड करून बघा. एक कुत्रा शिळ्या मागावरही सगळ्यांच्या आधी बोलला: 100. पण संथ, म्हणून झाडाशी चौथा: 25. एकूण 125. दुसरा मागावर तिसरा बोलला: 50. पण मधला माग सोडून देऊन, डोकं वर काढून धावला आणि झाडाशी पहिला पोहोचला: 125. एकूण 175. आणि हे सगळं ठरलेल्या वेळेत. ज्या कुत्र्याला एकच अवघड माग सोडवायला दीड तास लागतो, तो एक झाड धरेल. तेवढ्यात चपळ कुत्रा तीन ताजे माग संपवून मोकळा होईल. किताब कोणाला मिळणार, मग पिल्लं कोणाची विकली जाणार, हे वेगळं सांगायला नको. वॉकर आज स्पर्धांत सगळ्यांच्या पुढे आहे, यात रक्ताचा गुण आहेच. पण प्रश्नपत्रिकाही त्याच्या सोयीची आहे.

त्यात निसर्गानंही भर घातली. 1940 च्या दशकापासून 1980 च्या दशकापर्यंत उत्तर अमेरिकेत रॅकूनची संख्या अनेक पटींनी वाढली. मग 1980 च्या दशकाच्या शेवटी कातड्याचा बाजार कोसळला आणि पोटासाठी शिकार करणारे कमी झाले. रानात ताजे माग मुबलक असताना शिळा माग सोडवणाऱ्या कुत्र्याला विचारतो कोण? ब्लूटिकवाल्यांतही पुन्हा फूट पडली. जुना, थोराड, संथ कुत्राच टिकवायचा म्हणून काहींनी ‘अमेरिकन ब्लू गॅस्कन’ नावानं वेगळी चूल मांडली.

घराण्यांची तुलना करताना लोक हमखास फसतात ते जनक नरांच्या याद्यांवरून. अमुक नराची इतकी पिल्लं किताबधारी! बरं, पण एकूण पिल्लं किती? समजा, एकाची 500 पिल्लं आणि 25 किताबधारी, दुसऱ्याची 20 पिल्लं आणि 4 किताबधारी. यादीत पहिला वर. पण पहिल्याचं प्रमाण 5 टक्के, दुसऱ्याचं 20 टक्के. शिवाय नावाजलेल्या नराकडे लोक आपली उत्तम मादी घेऊन जातात आणि ती महागडी पिल्लं हौशी, अनुभवी माणसांच्या हातात पडतात. श्रेय मात्र सगळं बापाला. आईचं नाव जाहिरातीत बारीक अक्षरांत.

बाप-मुलीचा संकर केला तर पिल्लांचा अंतःप्रजनन गुणांक 25 टक्के निघतो, सावत्र भावंडांचा साडेबारा. एखाद्या गाजलेल्या कुत्र्याचं रक्त ‘घट्ट’ करायच्या नादात लोक हे सर्रास करतात. रंग आणि बांधा त्यानं पक्के होतात. शिकारीचं तसं होत नाही. फिनलंडमध्ये फिनिश हाउंडच्या शिकार-चाचण्यांच्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा कामगिरीच्या गुणांची आनुवंशिकता कमीच निघाली. कारण उघड आहे. त्या रात्री दव होतं का, वारा कुठला, कुत्र्याला कोणी शिकवलं, हे सगळं त्या गुणांत मिसळलेलं असतं. त्यामुळे एका कुत्र्याच्या दोन-चार विजयांवरून घराणं जोखता येत नाही. एकाच नराची, वेगवेगळ्या माद्यांपासून झालेली, वेगवेगळ्या हातांत वाढलेली बरीच पिल्लं पाहावी लागतात. हल्ली गळ्यातल्या जीपीएस पट्ट्यामुळे कुत्रा किती धावला, माग कुठे चुकला, झाडाशी किती वेळ टिकला हे सगळं नोंदता येतं. ती नोंद किताबांच्या यादीपेक्षा कितीतरी बोलकी.

प्लॉटबद्दल थोडक्यात: नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगरात अस्वल आणि रानडुकरांसाठी जोपासलेला हा कुत्रा. त्याची अस्वलाची घराणी आणि रॅकूनची घराणी एका मापानं मोजूच नयेत. अस्वलासमोर मागे न हटणं हा गुण नाइट हंटच्या कार्डावर कुठल्याच रकान्यात येत नाही.

आपल्या कारवानी कुत्र्याला यातलं काय लागू, असं एकांनी चिठ्ठीवर विचारलंय. कारवानी नजरेनं सावज धरतो, धावताना बोलत नाही. नाक आणि आवाजाची चर्चा त्याला लागू नाही. निवडीची मात्र शंभर टक्के लागू आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्याकडे शिकार हा निकष राहिला नाही, आणि तो कायदा योग्यच आहे. पण त्यामुळे आता कारवानीची पारख होते ती प्रदर्शनाच्या रिंगणात, नाहीतर विक्रीच्या फोटोत. दम, पायांची टिकाऊ ताकद, उन्हातली सहनशक्ती यांतलं काहीच फोटोत दिसत नाही. खोटा ससा, म्हणजे यांत्रिक आमिष लावून अंतर आणि वेळ नोंदवणाऱ्या धावचाचण्या घेता येतील. त्यात कुठल्याही जिवाला इजा नाही. पुढची चिठ्ठी द्या.