धाबं बसलं, फाइल उठेना

नमस्कार श्रोतेहो.

आपल्या खान्देशातल्या जुन्या गावठाणात आजही धाब्याची, म्हणजे सपाट मातीच्या छताची, घरं उभी आहेत. सरे म्हणजे लाकडी तुळया, कडीपाट, वर मातीचा थर आणि पावसाळ्याआधी पसरलेली खारी माती. असं घर एका रात्रीच्या मुसळधारेनं सहसा पडत नाही. ते पडतं आठ-आठ दिवसांच्या झडीनं. माती पाणी पीत राहते, भार वाढतो, भिंत फुगते आणि पाऊस उघडून चांगलं ऊन पडलं की दुपारी धाबं बसतं. आता सरकारी हिशेबात अतिवृष्टी म्हणजे महसूल मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटरहून जास्त पाऊस. झडीच्या पावसाचा रोजचा आकडा तेवढा भरत नाही आणि घर पडलं त्या दिवशी तर आभाळ कोरडं! तलाठी आप्पा पेन हातात धरून बसतात, कारणाच्या रकान्यात लिहायचं काय? पडलेल्या घराच्या सरकारी मदतीला जो उशीर होतो, त्याची सुरुवात इथून होते.

मी महसूल खात्यातून मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झालो. त्यामुळे खिडकीच्या आतून आणि बाहेरून, दोन्हीकडून हा कारभार पाहिला आहे.

मोठा पूर आला की यंत्रणा धावते. 31 ऑगस्ट 2021 ला चाळीसगावात तितूर आणि डोंगरी नद्यांचं पाणी घराघरांत शिरलं, गुरं वाहून गेली, तेव्हा साऱ्या राज्याचं लक्ष तिकडे गेलं. पण एखाद्या गल्लीतली एकच भिंत पडते, तिच्याकडे कॅमेरा येत नाही. तिचा पंचनामा होतो, सरपंच-पोलीस पाटलांच्या सह्या होतात आणि कागद तहसीलला जातो. तिथून प्रांत, मग जिल्हाधिकारी, मग नाशिकला विभागीय आयुक्त, मग मंत्रालयातला मदत व पुनर्वसन विभाग. शासन निर्णय निघाला की पैसा त्याच पायऱ्या उतरत खाली येतो. मध्येच निवडणूक लागली, तर तलाठी मतदार याद्यांना जुंपलेला. मग आधार जोडणी, ई-केवायसी, सेतू केंद्राची रांग. अंगठ्याचे ठसे झिजलेल्या म्हाताऱ्यांचं तिथे काय होतं ते विचारूच नका.

आणि रक्कम किती? 2022 ते 2026 या काळासाठी केंद्रानं ठरवलेले दर सांगतो. घर पूर्ण पडलं तर सपाट भागात 1 लाख 20 हजार, डोंगराळ भागात 1 लाख 30 हजार. अंशतः पडझड असेल तर पक्क्या घराला 6,500, कच्च्याला 4,000 रुपये, तेही नुकसान किमान 15 टक्के असेल तरच. झोपडीला 8,000, गोठ्याला 3,000. चार हजारांत भिंत उभी राहत नाही, हे मिस्त्रीला विचारायचीही गरज नाही. पण तेच चार हजार आठ दिवसांत हातात पडले, तर निदान पत्रे आणि ताडपत्री येते. वर्षानं आले तर ते सावकाराच्या व्याजात जातात.

गिरणाकाठच्या एका गावातली आजी आठवते. घराचा नमुना आठचा उतारा, म्हणजे ग्रामपंचायतीतली घराची नोंद, मयत सासऱ्याच्या नावावर, दीर सुरतला. वारसांची संमती आणा म्हणून कागद परत आला. पडक्या भिंतीला मेणकापड बांधून माणूस किती दिवस काढील? तिनं दोन शेळ्या विकल्या आणि भिंत घालून घेतली. पुढे फेरतपासणीला साहेब आले, नव्या भिंतीकडे पाहिलं आणि शेरा मारला : नुकसान दिसून येत नाही. आजी मला म्हणाली, “आप्पा, पैसा येवाना पहिले दुसरा पावसाया ई ग्या.”

आता खोटे पंचनामे होतात, हे मी नाकारत नाही. गोठा दाखवून घराचे पैसे उचलणारे महाभाग मी पाहिलेत. तपासणी हवीच. पण खरी तपासणी पडक्या भिंतीसमोर होते. वरच्या टेबलांवर होते ती फक्त बेरीज. दर छापलेले आहेत. आपत्ती प्रतिसाद निधी आधीच ठेवलेला असतो, त्यात केंद्राचा वाटा 75 टक्के आणि राज्याचा 25. मग पंचनाम्यावर तहसीलदाराची सही झाली की त्या घराचा पैसा का सुटू नये? सगळ्या तालुक्यांची, सगळ्या जिल्ह्यांची बेरीज होईपर्यंत एका आजीनं का थांबायचं? माझं म्हणणं एवढंच आहे की घरांच्या मदतीला प्रत्येक वेळी वेगळ्या शासन निर्णयाची वाट पाहायला लावू नये. हिशेब मागाहून घ्या, कडक घ्या.

हे होईल तेव्हा होईल. तोवर आपण काय करायचं? पडझड झाली की माती उपसण्याआधी फोटो काढा, शेजारचं घर किंवा विजेचा खांब त्यात दिसू द्या. पंचनाम्याची प्रत मागून घ्या. उतारा वडिलांच्या, सासऱ्याच्या नावावर असेल तर वारसनोंद उन्हाळ्यातच करून ठेवा, भाऊबंदकी बाजूला ठेवून. पैसे खात्यात आल्यावर बँक ते कर्जात वळते करू लागली, तर मदतीचा शासन निर्णय दाखवा; या रकमेतून वसुली करू नये, असं त्यात लिहिलेलं असतं.

आणि महिने उलटूनही काहीच कळत नसेल, तर तहसील कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज द्या. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला तोही नाही. उत्तर 30 दिवसांत द्यावं लागतं. अर्जात लांबण लावू नका. माझा पंचनामा कोणत्या तारखेला, कोणाकडे पाठवला आणि आज तो कुठे आहे, एवढंच विचारा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

नमस्कार.