आधी कोणती हाक, मग कोणती

श्रोतेहो, नमस्कार. सातपुड्याच्या पायथ्याला, यावल-चोपड्याकडे राहणाऱ्यांना वानरांचे दोन आवाज चांगले ओळखू येतात. एक टोळीतल्या नराचा घुमणारा हुप्प, दुसरा तुटक, खरखरीत. बिबट्या दिसला की येणारा. एका हाकेला एक अर्थ, इथवर आपल्याला ठाऊक असतं. पण काही माकडं दोन हाका जोडतात आणि जोडल्या की अर्थच बदलतो. मला आज त्याबद्दल बोलायचं आहे.

नायजेरियातल्या गशाका गुम्टी राष्ट्रीय उद्यानात नाकावर पांढरा ठिपका असलेली माकडं आहेत. नराच्या दोन मुख्य हाका, ‘प्याव’ आणि ‘हॅक’. बिबट्यासाठी बहुधा प्याव, गरुडासाठी हॅक. मात्र आधी दोन-तीन प्याव आणि लगेच थोडे हॅक आले, की टोळी ती जागा सोडून पुढे निघते, जवळपास शत्रू नसला तरी! केट अर्नोल्ड आणि क्लाउस झुबरब्यूलर या संशोधकांनी २००६ साली हे जगापुढे मांडलं. त्यांनी रेकॉर्ड केलेल्या हाका स्पीकरवरून ऐकवल्या आणि टोळी खरोखर चालू लागली. हा प्रयोग मला फार मोलाचा वाटतो, कारण नुसत्या निरीक्षणातून हाकेमुळेच टोळी हलली असं ठामपणे म्हणता आलं नसतं.

आता यात ‘बिबट्या अधिक गरुड’ अशी बेरीज कुठेच नाही. पोटात कावळे ओरडतात म्हटल्यावर आपण कावळा शोधत नाही, तसंच काहीसं.

आयव्हरी कोस्टच्या ताई जंगलात कॅम्पबेल माकडं ‘क्राक’ म्हणाली तर बिबट्या. मागे ‘ऊ’ लावून ‘क्राक-ऊ’ केलं, की नुसती सावधगिरी. एरवी त्यांच्या इशाऱ्याला शेजारची डायना माकडं लगेच ओरडून साथ देतात; पण इशाऱ्याआधी ‘बूम’ ऐकू आला, तर गप्प राहतात. दुसऱ्या जातीच्या माकडांनाही हा फरक कळतो, हे विशेष.

युगांडातल्या बुडोंगो जंगलातल्या चिंपांझींचं मात्र वेगळं आहे. दचकले की ते ‘हू’ करतात, सोबत्यांना बोलावायला ‘वा’ असा भुंकल्यागत आवाज काढतात. साप दिसला की दोन्ही जोडतात. संशोधकांनी हा जोड ऐकवला, तेव्हा सुट्या हाकांपेक्षा चिंपांझी त्याकडे जास्त वेळ पाहत राहिले. इथे बेरीज लागते: धोका आहे, इकडे या.