तारेच्या पोटात

[पडद्यावर: करवतीने कापलेलं तारेचं टोक, अगदी जवळून]

खालून पाहिलं की मनोऱ्यांवरून वीज नेणारी ही तार एकसंध वाटते. कापल्यावर खरी कळते. मधोमध पोलादाची एक तार, तिला बिलगून पोलादाच्याच सहा. मग ॲल्युमिनियम सुरू होतं: आधी बारा, त्यावर अठरा, सगळ्यात बाहेर चोवीस. एका गोल तारेभोवती तेवढ्याच जाडीच्या बरोबर सहा तारा बसतात, आणि पुढच्या प्रत्येक थरात सहांची भर पडते. एकूण ६१ पेड, प्रत्येक ३.५३ मिलिमीटर जाडीचा. या तारेचं नाव 'मूस'. ब्रिटिश पद्धतीत अशा तारांना प्राण्यांची नावं देतात: रॅबिट, डॉग, पँथर, झीब्रा. उत्तर अमेरिकेत पक्ष्यांची.

तांबं का नाही वापरत? ॲल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या साधारण ६१ टक्के, त्यामुळे तार जाड घ्यावी लागते. तरी तेवढीच वीज नेणारी ही जाड तार तांब्याच्या जवळपास निम्म्या वजनात होते. ताकदीला मात्र ॲल्युमिनियम कमी पडतं, म्हणून पोटात पोलाद. एकाने वीज न्यायची, दुसऱ्याने ताण सोसायचा. दोन धातूंमधली ही कामाची वाटणी मला फार सुंदर वाटते.

[पडद्यावर: हाताने उलगडलेले थर]

पीळ नीट पाहा. प्रत्येक थर आधीच्या उलट दिशेने वळलाय. सगळे एकाच बाजूला वळले असते, तर ताण पडताच तार पीळ सोडत गरगरली असती. पोलाद गंजू नये म्हणून त्यावर जस्ताचा मुलामा असतो. वरून आवरण? काहीच नाही. भोवतीची हवा हेच आवरण.

[पडद्यावर: दोन मनोऱ्यांमधला झोळ]

हा झोळ मुद्दाम ठेवलेला आहे. तार सरळ ताणून बांधली, तर थंडीत आकसताना तिच्यावर जीवघेणा ताण येईल. उलट ऊन आणि विजेचा भार वाढला की ती तापते, लांबते, झोळ खाली उतरतो. ॲल्युमिनियम पोलादाच्या दुप्पट प्रसरण पावतं, त्यामुळे तार तापत जाते तसा ताण पोलादाकडे सरकतो. लाइनमधून किती वीज न्यायची, हे पुष्कळदा झोळ जमिनीपासून किती उंच राहील यावर ठरतं. काही नव्या तारांत म्हणूनच कार्बन तंतूंचा गाभा असतो. तापला तरी तो जेमतेम लांबतो.

[पडद्यावर: मनोऱ्याजवळ तारेखाली लटकणारं डंबेल]

वादळाची भीती सगळ्यांनाच असते. पण मंद, एकसारखा वाराही तारेला छळतो. तार बारीक थरथरते, वर्षानुवर्षं, आणि जिथे क्लॅम्पने धरलेली असते तिथले पेड थकून एकेक तुटू लागतात. खालून काहीच दिसत नाही. ही थरथर शोषून घेणारी जोडवजनं जॉर्ज स्टॉकब्रिज या अमेरिकी अभियंत्याने १९२० च्या दशकात तयार केली. लाइनखालून जाल तेव्हा मान वर करा, क्लॅम्पपासून थोड्याच अंतरावर ती लटकलेली दिसतील.