चार जबाब, एकच वाक्य

आपण सगळे परीक्षेच्या कामातले आहोत, म्हणून मी थेट एका फाइलीपासून सुरुवात करतो. विद्यापीठाच्या गैरप्रकार चौकशी समितीवर मी काही वर्षे काम केले. एकदा एकाच केंद्रावरची, एकाच पेपरची चार प्रकरणे आमच्यापुढे आली. प्रत्येक फाइलीत उत्तरपत्रिका, तिला टाचलेली कॉपीची चिठ्ठी, सुपरवायझरचा अहवाल आणि विद्यार्थ्याचा लेखी जबाब होता. मी चारही जबाब एकाखाली एक ठेवून वाचले. ‘माझ्याकडून नजरचुकीने कॉपी झाली असून मला होणारी शिक्षा मान्य आहे,’ हे एकच वाक्य चौघांनी लिहिले होते आणि चौघांनीही ‘शिक्षा’ हा शब्द ‘शीक्षा’ असा लिहिला होता.

उत्तरपत्रिकांत असे साम्य आढळले तर त्याचा अर्थ काय लावायचा, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्येच सांगून ठेवले आहे. उत्तर प्रदेशातील माध्यमिक शिक्षण मंडळाच्या त्या प्रकरणात दोन परीक्षार्थींची चुकीची उत्तरेसुद्धा जुळत होती. न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांनी लिहिलेल्या निकालाचा आशय असा, की कॉपी करताना प्रत्यक्ष कोणी पाहिले नसले, तरी चुकांच्या अशा साम्यावरून समिती रास्त निष्कर्ष काढू शकते. हा न्याय आपण विद्यार्थ्यांना रोज लावतो. मग तोच जबाबांना का लावू नये? चार जणांची चूक अक्षरशः सारखी असेल, तर तो मजकूर कोणीतरी सांगितलेला आहे. शिवाय नजरचुकीने कोणी कॉपी करत नाही. ते वाक्य घाईत असलेल्या, पेपर चालू असताना कागदपत्रे पुरी करू पाहणाऱ्या मोठ्या माणसाचे होते.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ च्या कलम ४८ प्रमाणे परीक्षा व मूल्यमापन मंडळ अशी चौकशी समिती नेमते. समिती अहवाल आणि शिफारस देते, कारवाईचा निर्णय मंडळ घेते. म्हणजे ज्या मंडळाच्या हाती निर्णय असतो, त्याने विद्यार्थ्याला पाहिलेले नसते. त्याच्यापर्यंत पोहोचतो तो कागद. चिठ्ठी सापडल्यावर परीक्षा हॉलमध्ये पुढच्या दहा मिनिटांत काय लिहिले आणि काय लिहून घेतले, यावर पुढचे सगळे उभे राहते, आणि माझ्या मते या संपूर्ण व्यवस्थेत सर्वांत दुर्लक्षित जागा तीच आहे.

सुनावणी द्यायची की नाही, हा प्रश्न आता उरलेला नाही. उत्तर प्रदेशातील १९५४ च्या इंटरमिजिएट (बारावीच्या) परीक्षेतील तीन विद्यार्थ्यांचा निकाल त्यांना काहीही न विचारता रद्द केला गेला आणि त्यांना पुढच्या वर्षीच्या परीक्षेलाही मज्जाव झाला. परीक्षा समितीने विद्यार्थ्याची बाजू ऐकलीच पाहिजे, हा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय आला तेव्हा १९६२ साल उजाडले होते. आपल्याकडे ‘निकाल राखून ठेवला’ असा शेरा किती सहजपणे मारला जातो, ते आठवून पाहा. त्या शेऱ्यामुळे पुढचा प्रवेश, शिष्यवृत्ती, नोकरीचे पत्र हे सगळे अडून राहते, आणि आरोप सिद्ध होण्याआधीच अर्धी शिक्षा भोगून झालेली असते.

मात्र सुनावणी म्हणजे कोर्टातला खटला नव्हे. रांचीच्या राजेंद्र मेडिकल कॉलेजचे १९७३ चे प्रकरण मी नव्या सदस्यांना नेहमी सांगतो. रात्री काही विद्यार्थी मुलींच्या वसतिगृहाच्या आवारात शिरले होते. समितीने मुलींचे जबाब मुलांच्या गैरहजेरीत घेतले, इतरांच्या छायाचित्रांत मिसळून ठेवलेल्या छायाचित्रांवरून ओळख पटवली, नंतर मुलांना बोलावून आरोप समजावून सांगितले आणि त्यांचे म्हणणे नोंदवले. तक्रारदारांची नावे उघड केली नाहीत, उलटतपासणी होऊ दिली नाही, म्हणून शिक्षेचा निर्णय रद्द करावा, ही मुलांची मागणी सर्वोच्च न्यायालयाने मानली नाही. त्या मुलींना पुढे त्याच शहरात वावरायचे होते, हे त्याने ओळखले. या निकालाचा आधार घेऊन नावे झाकणारे पुष्कळ भेटतात, पण त्या समितीने ओळख पटवण्यासाठी घेतलेले कष्ट मात्र त्यांच्या नोंदींत दिसत नाहीत.

नोटिशीबद्दल थोडे सविस्तर सांगतो. ‘आपण परीक्षेत गैरप्रकार केल्याचे निदर्शनास आले आहे, तरी अमुक दिवशी समितीपुढे हजर राहावे,’ एवढ्याने काम भागत नाही. कोणता पेपर, कोणती तारीख, कोणती वस्तू, ती कोणाला व कुठे सापडली, तिच्यावर काय लिहिले होते, हे नोटिशीत असावे आणि चिठ्ठीची व सुपरवायझरच्या अहवालाची प्रत सोबत जोडावी. आधी ‘निदर्शनास आले आहे’ असे म्हणून मग खुलासा मागितला, की निष्कर्ष आधीच काढल्याचे विद्यार्थ्याला कळते, आणि तो खुलासा देण्याऐवजी माफी मागतो.

शिक्षांचे प्रमाण हा पुढचा भाग. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्यविषयक नियमांत पायऱ्या स्पष्ट आहेत: प्रबंधातील साम्य दहा टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही, साठ टक्क्यांच्या वर गेले तर नोंदणी रद्द. रॅगिंगविरोधी २००९ च्या नियमांत वर्गातून निलंबन, शिष्यवृत्ती रोखणे, वसतिगृहातून काढणे, एक ते चार सत्रांसाठी रस्टिकेट करणे (संस्थेतून काढणे), अशी लांब यादी आहे. महाराष्ट्राचा १९९९ चा रॅगिंग प्रतिबंधक कायदा तर दोन वर्षांपर्यंतच्या तुरुंगवासाची तरतूद करतो, आणि प्रमुखाने सात दिवसांत चौकशी करावी असेही सांगतो. यादी लांब असली, की कोणती शिक्षा का निवडली याचे कारण लिहिणे अधिकच आवश्यक होते. ‘समितीच्या शिफारशीनुसार’ हे कारण नव्हे.

आता ती चार प्रकरणे. आम्ही चौघांना स्वतंत्रपणे बोलावले, जुने जबाब बाजूला ठेवले आणि कोऱ्या कागदावर त्यांच्याच शब्दांत लिहायला सांगितले. तिघांनी चिठ्ठी आपलीच असल्याचे लिहिले. एकाने तर ती कुठल्या पानावरून उतरवली तेही लिहिले. चौथी मुलगी बराच वेळ पेन हातात धरून बसली आणि मग तिने लिहिले, की चिठ्ठी बाकाखाली पडलेली होती आणि ‘सही केलीस तर पेपर पूर्ण करू देतो’ असे तिला सांगण्यात आले होते. आम्ही तिच्या उत्तरपत्रिकेशेजारी ती चिठ्ठी ठेवली. अक्षर तिचे नव्हते, आणि चिठ्ठीतल्या प्रश्नाचे उत्तर तिने लिहिलेच नव्हते. शिफारशीत आम्ही ही दोन्ही कारणे लिहिली, तिचा निकाल जाहीर करावा असे सुचवले, आणि पहिले चार जबाब कोणाच्या सांगण्यावरून लिहिले गेले याची वेगळी चौकशी व्हावी, अशी ओळ खाली जोडली.