न्यूमोनिया बरा झाला, पण छाती अजून वाजते

(पालक आणि शिक्षकांसमोर एका बालरोगतज्ज्ञांनी दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

न्यूमोनियावर बोलणारे पुष्कळ आहेत. मला बोलायचं आहे ते मूल घरी आल्यानंतरच्या दिवसांबद्दल. ताप उतरलेला असतो, ऑक्सिजन निघालेला असतो, सलाइनच्या सुईचा डागही गेलेला असतो. आणि दीड-दोन महिन्यांनी पालक येतात आणि म्हणतात, ‘बाकी सगळं ठीक आहे हो, फक्त छाती वाजते.’ आजचं माझं सगळं बोलणं त्या ‘फक्त’बद्दल आहे.

आधी घाबरलेल्यांसाठी. व्हायरल न्यूमोनिया झालेली बहुसंख्य मुलं पूर्ण बरी होतात. नंतर तीन-चार आठवडे खोकला राहिला, पण तो दर आठवड्याला कमी होतोय, मूल जेवतंय, खेळतंय, तर वाट बघा. छातीच्या फोटोतली सावली तर मूल धावायला लागल्यावरही काही आठवडे दिसत राहते. म्हणून साध्या न्यूमोनियातून उठलेल्या, हसत्या-खेळत्या मुलाचा फोटो आम्ही पुन्हा काढत नाही. ‘एकदा काढून टाका ना, मनाला समाधान’ असं पालक म्हणतात. त्यातून समाधान कमी आणि नवी काळजीच जास्त निघते, असा माझा अनुभव आहे.

आता उरलेल्या थोड्या मुलांकडे वळू. लहान मुलाचंच फुप्फुस का अडकतं? एक तर ते अजून तयार होत असतं. मोठ्या माणसाच्या फुप्फुसांत 30 ते 50 कोटी वायुकोश, म्हणजे हवेच्या इवल्या पिशव्या असतात. जन्मतः त्यातले थोडेच असतात, बाकीच्यांची मोठी भर पहिल्या दोन-तीन वर्षांत पडते. नेमका हाच काळ आरएसव्ही, ऱ्हायनो, अ‍ॅडिनो, फ्लू या विषाणूंशी पहिल्या गाठीभेटींचा. दुसरं कारण गणिताचं आहे. नळीची त्रिज्या निम्मी झाली, तर तिच्यातून हवा वाहायला होणारा विरोध दुप्पट होत नाही, सोळा पट होतो. आपल्या श्वासनलिकेला थोडी सूज आली तर आपण खाकरतो आणि कामाला लागतो. बाळाच्या नळीला तेवढीच सूज आली तर त्याच्या बरगड्या आत ओढल्या जातात.

बहुतेक वेळा सूज उतरते आणि आतलं अस्तर पुन्हा उगवतं. काही मुलांत मात्र विषाणू आणि त्याच्याशी लढणाऱ्या पेशी मिळून सूक्ष्म श्वासनलिकांचं अस्तर इतकं उद्ध्वस्त करतात, की शरीर तिथे दुरुस्तीऐवजी ठिगळ लावतं. व्रणाची ऊती भरत जाते, नळी भोवतीने आवळते, कधी पार बुजते. याला ब्रॉंकिओलायटिस ऑब्लिटरन्स म्हणतात, आणि संसर्गानंतर झाला की आम्ही त्याला पीआयबीओ म्हणतो. ऑब्लिटरन्स म्हणजे पुसून टाकणारा. नाव भयानक आहे, पण खोटं नाही. यात सगळ्यात बदनाम अ‍ॅडिनोव्हायरस, विशेषतः त्याचे 3, 7 आणि 21 हे प्रकार. गोवर, फ्लू आणि मायकोप्लाझ्मा नावाचा जिवाणू यांच्यानंतरही हा आजार दिसतो. ज्यांना अ‍ॅडिनोव्हायरसने गाठलं, ज्यांना व्हेंटिलेटर लागला, ज्यांचा रुग्णालयातला मुक्काम खूप लांबला, त्यांच्यात धोका जास्त. अशा मुलाला घरी सोडताना पुढच्या तपासणीची तारीख कागदावर लिहून घ्या.

बुजलेल्या नळीचा त्रास श्वास सोडताना जास्त होतो. हवा आत जाते आणि कोंडते. सीटी स्कॅनमध्ये मग काळ्या-पांढऱ्या ठिगळांची गोधडी दिसते. काळं ठिगळ म्हणजे हवा कोंडलेला आणि रक्तप्रवाह आटलेला भाग. पांढुरकं ठिगळ त्या मानाने निरोगी, कारण वळवलेलं रक्त तिकडे गेलेलं असतं. श्वास सोडलेल्या स्थितीत स्कॅन काढला तर हा फरक आणखी उठून दिसतो.

1953 साली स्वायर आणि जेम्स यांनी एका सहा वर्षांच्या मुलाची हकिगत छापली. त्याचं एकच फुप्फुस असं हवेने कोंडलेलं होतं. पुढच्याच वर्षी मॅक्लाउड यांनी प्रौढांमध्ये तसंच चित्र मांडलं, म्हणून आजाराला तिघांचीही नावं आहेत. पुढे कळलं की त्याचं मूळ बहुधा बालपणीच्या अशाच संसर्गात असतं. यातली काही माणसं पार मोठी होतात, भलत्याच कारणासाठी फोटो काढतात आणि तेव्हा सापडतं की एक फुप्फुस दुसऱ्यापेक्षा काळं आहे. फोटो बघणारा नवखा असेल तर आजारी म्हणून निरोगी, पांढऱ्या बाजूवर बोट ठेवतो!

पण माझा खरा राग आहे तो ‘बालदमा’ या शिक्क्यावर. छाती वाजते म्हणजे दमा, असं समजून पंप सुरू होतो. सहा महिन्यांनी डोस वाढतो. वर्षाने दुसरा पंप येतो. मूल तिथेच. दोन्हींत फरक कसा ओळखायचा? दमा येतो-जातो. दम्याच्या मुलाला चांगले दिवस असतात, त्या दिवशी छाती स्वच्छ ऐकू येते आणि नळ्या उघडणाऱ्या औषधाने मूल मोकळं होतं. पीआयबीओच्या मुलाला चांगला दिवसच नसतो. खेळताना धाप, झोपेतही वेगाने चालणारा श्वास, आणि छातीत शिट्टीसोबत बारीक चुरचुर. औषधाचा फरक जेमतेम. मी मात्र सगळ्यात आधी एक प्रश्न विचारते: कधीपासून? दम्याच्या मुलाची आई आठवायला लागते, गेल्या वर्षी की त्याच्या आधी. या मुलाची आई तारीख सांगते. ज्या दिवशी दाखल केलं, तेव्हापासून. हे उत्तर आलं की मी स्टेथोस्कोप जरा जास्त वेळ ठेवते.

दुसरा धोका ओल्या खोकल्याचा. कफाचा, घरघरणारा खोकला चार आठवड्यांच्या पुढे रोज राहिला तर त्याला ‘सर्दी उतरतेय’ म्हणू नका. जखमी नळ्यांत कफ साचतो, त्यात जिवाणू वाढतात, ते भिंत आणखी पोखरतात, मग आणखी कफ साचतो. या फेऱ्यातून नळ्या कायमच्या रुंद आणि ढिल्या पडतात, त्याला ब्रॉंकिएक्टेसिस म्हणतात. हे लवकर धरलं, अँटिबायोटिक आणि छातीचा व्यायाम वेळेत सुरू झाला, तर लहान मुलांत ही रुंदी काही वेळा मागेही फिरते. पीआयबीओतल्या व्रणाबद्दल मला असं बोलता येत नाही.

पुष्कळ पुढे काय होतं? ब्रिटनमध्ये मार्च 1946 मध्ये जन्मलेल्या मुलांचा माग संशोधक आजवर काढत आहेत. 2023 मध्ये त्यांनी दाखवलं की दोन वर्षांच्या आत छातीचा संसर्ग झालेल्यांपैकी 2.1 टक्के लोक वयाच्या 73 वर्षांपर्यंत श्वसनाच्या आजाराने गेले, तसा संसर्ग न झालेल्यांत हे प्रमाण 1.1 टक्का होतं. ‘धोका दुप्पट’ असा मथळा होतो, आणि तो चुकीचाही नाही. पण शंभरातले अठ्ठ्याण्णव त्यात मावत नाहीत, तेही बघा.

शिवाय संसर्गाने फुप्फुस बिघडलं, की अरुंद नळ्यांच्या बाळालाच संसर्ग जड गेला? अमेरिकेत टूसॉनला 1980 पासून चाललेल्या अभ्यासात बाळांची फुप्फुसं आजारपणाच्या आधीच मोजली होती. पुढे ज्यांची छाती वाजली, त्यांच्यातल्या अनेकांची क्षमता मुळातच कमी निघाली. नेदरलँड्समध्ये आरएसव्हीविरुद्ध प्रतिपिंडाची इंजेक्शनं दिलेल्या, वेळेआधी जन्मलेल्या बाळांना पहिल्या वर्षी शिट्टी कमी वाजली, पण सहाव्या वर्षी फुप्फुसाच्या क्षमतेत फरक दिसला नाही. म्हणजे दोन्ही गोष्टी खऱ्या असाव्यात, आणि कुठल्या मुलात कुठली, हे एका भेटीत सांगणाऱ्यापासून सावध राहा.

उपचारांबद्दल खरं बोलते. बुजलेली नळी उघडणारं सिद्ध औषध नाही. सुरुवातीच्या काळात स्टेरॉइडचे मोठे डोस ठरावीक अंतराने देऊन बघतात, काही मुलांना अझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक बराच काळ देतात, गरज असेल त्याला घरी ऑक्सिजन. पण मूल सावरतं ते कंटाळवाण्या गोष्टींनी. वजन वाढणं, कारण सतत धापणारं मूल जेवणातली ताकद श्वासावरच खर्च करतं. दरवर्षी फ्लूची लस, न्यूमोकोकसची आणि गोवराची लस पूर्ण. आणि घरात धूर नाही, कुठलाच नाही. खिडकीत उभं राहून ओढलेली सिगारेटसुद्धा मोजायची. ऑक्सिजन लागणारी बरीच मुलं काही वर्षांत त्यातून सुटतात. बुजलेलं उघडलेलं नसतं, पण शेजारचं निरोगी फुप्फुस वाढलेलं असतं.

शेवटी एका बाबांनी चिठ्ठी पाठवली आहे: ‘मुलगा सात वर्षांचा, दुसऱ्या वर्षी मोठा न्यूमोनिया झाला होता, शाळेत खेळाच्या तासाला बसवून ठेवतात. बरोबर आहे का?’

नाही. आधी त्याची स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत फुंकून फुप्फुसाची क्षमता मोजायची तपासणी करून घ्या, सात वर्षांचं मूल नीट फुंकू शकतं. मग चालताना ऑक्सिजन किती उतरतो ते बघा. नाही उतरला तर त्याला मैदानावर सोडा आणि शिक्षकांना एवढंच सांगा, की दम लागला की तो स्वतः थांबेल, त्याला थांबू द्यायचं आणि श्वास बसला की परत जाऊ द्यायचं. गोलकीपर मात्र करू नका. या मुलांना सगळे गोलकीपरच करतात.